भांडी, स्वयंपाकाची : सोनगीरचे तांबे-पितळ व अगंज पोलाद

पातळ पदार्थ मोठ्या प्रमाणावर व दीर्घकाळ शिजविण्यासाठी वापरावयाचे उभ्या काठांचे खोल भांडे महाराष्ट्रात निरनिराळ्या नावांनी ओळखले जाते. मुंबई-कोकणाकडे त्यास टोप, देशावर पातेले किंवा तपेले आणि खानदेश-विदर्भात गंज किंवा भगुणे म्हणतात. वरण, कढी, पुरणाच्या कटाची रशी, तसेच हळद-मीठ घालून शिजविलेल्या मांसाचे अळणी पाणी व त्यापासून होणारा काळ्या मसाल्याचा रस्सा हे खानदेशातील पदार्थ ह्याच भांड्यात होतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे भांडे ऐपतदार व मध्यम स्थितीच्या घरांत बहुधा तांब्याचे अथवा पितळेचे असे. आज ते बहुतेक घरांत अगंज पोलादाचे, म्हणजे व्यवहारात ज्यास नुसते ‘स्टील’ म्हणतात त्या धातूचे असते. (गंज म्हणजे भांडे आणि गंज म्हणजे लोखंडावरचा तांबेरा असे दोन्ही अर्थ मराठीत असल्याने, खानदेशात अगंज पोलादाचा गंज असा चमत्कारिक शब्दप्रयोग संभवतो.) धातूच्या ह्या पालटाने स्वयंपाकघरातील श्रम कमी केले, पण चांगले भांडे ओळखण्याची पूर्वीची साधने ग्राहकाच्या हातून काढून घेतली. हा पालट धुळे जिल्ह्यातील सोनगीर ह्या भांड्यांच्या गावावरून चांगला समजतो.

खानदेशात धातूची भांडी रूढ होण्यापूर्वी स्वयंपाक मातीच्या भांड्यांत होई. तापीच्या खोऱ्यात प्रकाशे येथे १९५५ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती आढळली. त्या काळात तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मिळ असल्याने प्रामुख्याने लहान हत्यारे व अलंकार ह्यांसाठी वापरले जाई. चुलीवर मडकेच असे. मातीचा हा वारसा खानदेशात पूर्णपणे लोपलेला नाही. पालथ्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे आजही ह्या भागाची खूण मानले जातात.

सोनगीर हे गाव धुळ्याच्या उत्तरेस सु. २० किमी. अंतरावर मुंबई-आग्रा मार्गावर वसले आहे. गावालगतच्या टेकडीवर लहानसा किल्ला आहे. पेशवाईत हे ठाणे विंचूरकरांकडे होते व १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या कामाच्या लौकिकाची नोंद आहे. हा धंदा येथे कच्च्या मालामुळे वाढला, असे म्हणता येत नाही. खानदेशची भूमी काळ्या पाषाणाची असून तीत तांब्याचे धातुक नाही. एकोणिसाव्या शतकात इलाख्यातील तांबट यूरोपातून मुंबई बंदरात येणाऱ्या पत्र्यावर काम करीत. त्याच्या जोडीला गावोगावची मोड, म्हणजे फुटकी व जुनी भांडी, असे. तेव्हा सोनगीरचे भांडवल म्हणजे एक तर कारागिरांचा हात आणि दुसरे म्हणजे हमरस्ता. तापी ओलांडून शिरपूर, सेंधव्याकडे जाणारी आणि माळव्यातून खाली उतरणारी वाहतूक ह्याच वाटेने होत असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, तेव्हा खानदेशातील शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला. अशा पैशाचा काही भाग दागिन्यांत व भांड्यांत घालण्याची रीत होती. अडीअडचणीच्या वेळी दागिन्याखालोखाल हंडा-घागरच मोडीत निघे किंवा गहाण पडे.

तांबट व कासार हे ह्या धंद्यातील मुख्य समाज होत. कालिका ही त्यांची आराध्यदेवता. हाताने घडविलेल्या भांड्याची कृती थोडक्यात अशी : पत्रा गोल कापून तो भट्टीत लाल तापवीत व ठोकून त्याला खोलगटपणा देत. ठोकताना तांबे ताठर होते व तसेच ठोकत राहिल्यास चिरते. म्हणून मधूनमधून त्यास पुन्हा ताव द्यावा लागे. मोठ्या हंड्याचे बूड व अंग वेगवेगळे घडवून ते टाकणखाराच्या साहाय्याने झाळून जोडीत. शेवटी लहान हातोडीने सर्व अंगावर जवळजवळ व सारख्या अंतरावर ठोके देऊन भांडे मठारीत. मठारलेल्या भांड्यावरची ती चकाकणारी टिंबे अनेकांना नक्षी वाटतात. वस्तुतः मठारण्याचे मुख्य कार्य शोभेचे नाही : शेवटच्या तावानंतर मऊ राहिलेला पत्रा त्या ठोक्यांनी पुन्हा कठीण होतो आणि पातळ पत्र्याचे भांडेही सहजी पोचत नाही.

ह्या व्यापारातील एक प्रथा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तांब्या-पितळेचे भांडे वजनावर विकले जाई. धातूचा भाव व त्यावर घडणावळ असा हिशेब असे, आणि जुने भांडे मोडीच्या भावाने परत घेतले जाई. त्यामुळे पत्रा जाड वापरला, तर कारागिराचे नुकसान होत नसे आणि ग्राहकाला जास्तीच्या पैशाबद्दल जास्तीची धातू मिळे. भांडे जड असणे व ते चांगले असणे ह्यांत व्यवहारतः फारसे अंतर नव्हते. गिऱ्हाईक भांडे हातात घेऊन तोले, बोटाच्या पेराने वाजवून जोडात चीर नाही ना हे पाही, बूड सपाट दगडावर ठेवून ते डुगडुगत नाही ह्याची खात्री करी. ह्या परीक्षेला धातुशास्त्राची आवश्यकता नव्हती.

तांब्या-पितळेत मोठा दोष होता तो आंबटाचा. ताक, चिंच, आमसूल ह्यांच्या संयोगाने तांबे अन्नात उतरते. असे अन्न कळकले असे म्हणत. ते हिरवट व तुरट होते, आणि पोटात गेल्यास मळमळ व ओकाऱ्या होतात. ह्यावर उपाय म्हणजे कल्हई. भांडे भात्याच्या भट्टीवर तापवून, नवसागराची पूड टाकून, कथील कापसाच्या बोळ्याने आतून पसरीत. कथील सु. २३२° से. तापमानास वितळते. त्यामुळे रिकामे भांडे चुलीवर राहिले, तर कल्हई उतरे. आणि घासण्याने ती झिजे ते वेगळेच. रोजच्या वापरातील भांड्यास वर्षातून अनेकदा कल्हई करावी लागे. कथलात शिसे मिसळण्याची लबाडी होत असे, तिची पारख घरातील कोणास होणे कठीण होते.

दुसरा दोष श्रमाचा. चुलीवर चढविण्यापूर्वी भांड्याच्या बुडास बाहेरून मातीचा लेप द्यावयाचा, उतरल्यावर राखेने व चिंचेने ते घासावयाचे, आणि पाण्याचे हंडे-घागरी तर रोज लख्ख करावयाच्या, हे काम घरोघरी स्त्रियांनी केले. तांब्या-पितळेच्या वैभवाविषयी आज जे हळवेपणाने लिहिले जाते, त्यात ह्या श्रमाचा हिशेब सहसा नसतो. स्टील आले व ते स्त्रियांनी आनंदाने स्वीकारले, ह्यास केवळ नव्याची हौस म्हणणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

पितळेचा पहिला प्रतिस्पर्धी मात्र स्टील नव्हे, तर ॲल्युमिनियम होय. मद्रासच्या कलाशाळेत ॲल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी १८९८ मध्ये ॲल्युमिनियमची भांडी बनविण्यास प्रारंभ केला आणि दोन वर्षांनी त्यासाठी कंपनी स्थापन झाली. हलके, स्वस्त व कल्हईची गरज नसलेले हे भांडे गरीब घरांत व खाणावळींत शिरले. परंतु ते आंबटाने काळवंडते, पोचते आणि मोडीत त्याला मान नाही, म्हणून लग्नाच्या रुखवतात ते कधी आले नाही. रुखवतातले स्थान पुढे स्टीलने घेतले.

अगंज पोलादाचा शोध पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा आहे. जर्मनीत क्रुप कारखान्यात १९१२ मध्ये क्रोमियम व निकेल असलेल्या पोलादाचे एकस्व घेण्यात आले, आणि १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली ह्यांनी सु. १२·८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वितळविले. भांड्यांसाठी सर्वमान्य ठरलेले, शेकडा १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल असलेले मिश्रण १९२४ च्या सुमारास रूढ झाले. ह्या पोलादास गंज चढत नाही, ह्याचे कारण त्याच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा क्रोमियम ऑक्साइडाचा अत्यंत पातळ थर हे आहे. तो ओरखडला, तरी हवेतील ऑक्सिजनाने पुन्हा भरून येतो. म्हणजे कल्हई जे काम तात्पुरते करी, ते येथे धातू स्वतःच अखंड करीत असते.

भारतात ही भांडी प्रथम आयात पत्र्याची बनत आणि महाग असत. स्वातंत्र्योत्तर काळात देशी उत्पादन वाढले. तमिळनाडूतील सेलम येथील सरकारी कारखान्यात अगंज पोलादाचा पत्रा लाटण्यास १९८१-८२ मध्ये सुरुवात झाली, तोपर्यंत शहरांतील मध्यमवर्गीय घरांत स्टील स्थिरावले होते. खेड्यापाड्यांत त्याचा प्रसार करण्यात दुकानदारांइतकाच बोहारणींचाही वाटा आहे. जुन्या साड्या व कपडे घेऊन त्या बदल्यात वाटी, ताट, डबा, पातेले देण्याचा त्यांचा व्यवहार रोख पैशाविना चाले. घरातील स्त्रीस स्वतःच्या अखत्यारीत भांडे घेता येण्याचा तो एक मार्ग होता.

सोनगीरच्या तांबटांनी हातातले कौशल्य स्टीलकडे का वळविले नाही, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर धातूच्या गुणधर्मांत आहे. स्टील ठोकताना तांब्यापेक्षा फार लवकर ताठरते. त्याला पुन्हा मऊ करण्यासाठी १,०००° से. हून अधिक तापमान लागते. ते भात्याच्या भट्टीत सर्व अंगास सारखे देता येत नाही, आणि दिले तरी वर धरणारी काळी पपडी अम्लाने काढावी लागते. पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडामुळे नेहमीची झाळही त्यास धरत नाही. थोडक्यात, ज्या थराने गृहिणीची कल्हईतून सुटका केली, त्याच थराने तांबटाला कामाबाहेर ठेवले. स्टीलचे भांडे दाबयंत्रात साच्यावर ओढून काढावे लागते. त्यास भांडवल व वीज लागते. ह्यामुळे भांडी बनविण्याचा धंदा कारखान्यांकडे गेला आणि सोनगीरसारख्या गावांतील भट्ट्या कमी होत गेल्या. कल्हईवाल्यांचाही धंदा त्याच बरोबर बसला.

निवड : स्टीलने कल्हई व कळकणे संपविले, पण एक नवा दोष आणला. उष्णता वाहून नेण्यात हा धातू फार मंद आहे. तांब्याची उष्णता-संवाहकता त्याच्या सु. २५ पट, ॲल्युमिनियमची सु. १५ पट व पितळेची सु. ७ पट असते. चुलीचा जाळ बुडाखाली सर्वत्र पसरे. गॅसची ज्योत मात्र एका कड्यातच लागते. पातळ स्टीलच्या बुडात ती उष्णता बाजूला पसरत नाही, त्यामुळे ज्योतीवरच्या भागात वरण किंवा रशी लागते व करपते, तर काठाकडे ती नुसती कोमट असते. म्हणून दीर्घकाळ शिजविण्याच्या भांड्यात सर्वांत महत्त्वाचे अंग बूड होय. बाहेरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेली बुडे दिसायला सुंदर, पण हा मुलामा फार पातळ असल्यास त्याचा उपयोग शोभेपुरताच होतो. ॲल्युमिनियमची जाड चकती दोन पत्र्यांमध्ये दाबून बसविलेले, एकंदर ५ ते ६ मिमी. जाडीचे बूड रश्श्याच्या भांड्यास पुरेसे असते. बुडापासून काठापर्यंत ॲल्युमिनियमचा थर असलेली त्रिस्तरी भांडीही मिळतात. परतणे व आटविणे ह्यांसाठी ती अधिक चांगली, परंतु जेथे पाणीच पुष्कळ असते तेथे उष्णता पाण्याच्या अभिसरणाने पसरते, त्यामुळे काठांतील थरासाठी जादा किंमत मोजण्याचे विशेष कारण नाही.

अंगाच्या पत्र्याची जाडी दुकानांत गेजमध्ये सांगतात. येथे आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवावे. १८ गेज म्हणजे सु. १·२ मिमी., २० गेज म्हणजे सु. ०·९ मिमी. व २४ गेज म्हणजे सु. ०·५६ मिमी. होय. गेजवर विश्वास न ठेवता सोनगीरच्या जुन्या गिऱ्हाइकाप्रमाणे तागडीचा आधार घेता येतो. २४ सेंमी. व्यास व २० सेंमी. उंची असलेल्या सरळ काठांच्या भांड्यात सु. ९ लि. पाणी मावते. ते १ मिमी. पत्र्याचे असेल, तर झाकण, कान व बुडाची चकती सोडून त्याचे वजन सु. दीड किलो भरले पाहिजे. पाऊण किलोच भरत असेल, तर पत्रा अर्धा मिमी. आहे असे समजावे. स्टीलची भांडी पूर्वी पुष्कळ दुकानांत किलोवर विकत, काही ठिकाणी अजूनही विकतात. नगावर विक्री सुरू झाली की पत्रा पातळ करून वर झगझगीत चकाकी देणे विक्रेत्याच्या फायद्याचे ठरते. चकाकीचा भांड्याच्या गुणाशी संबंध नाही.

धातूची प्रत ओळखणे मात्र वजनाने शक्य नाही. ३०४ ह्या क्रमांकाच्या प्रतीत १८ ते २० टक्के क्रोमियम व सु. ८ ते १०·५ टक्के निकेल असते. निकेल महाग असून त्यासाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. म्हणून निकेल कमी करून मँगॅनीज वाढविलेल्या २०० मालिकेतील प्रती भारतात भांड्यांसाठी विपुल वापरल्या जातात. त्या अगदीच टाकाऊ नव्हेत, पण मीठ व आंबट ह्यांपुढे त्यांचा टिकाव कमी लागतो. लोहचुंबक लावून पाहण्याचा उपाय सर्वतोमुखी आहे आणि तो दिशाभूल करणारा आहे. चुंबक न चिकटणे हे ३०४ चे जसे लक्षण आहे, तसेच २०० मालिकेचेही आहे. उलट, निकेलरहित ४३० प्रतीस चुंबक चिकटतो, आणि प्रवर्तन-शेगडीवर (इंडक्शन) चालण्यासाठी मुद्दाम चुंबकीय पत्रा लावलेल्या उत्तम भांड्याच्या बुडासही तो चिकटतो. तेव्हा बुडावर उठविलेला प्रतीचा क्रमांक व भारतीय मानक चिन्ह पाहणे हाच व्यवहार्य मार्ग होय. स्टीलच्या स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ : २०२२ हे मानक आहे, व मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने अशा भांड्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला.

आकाराविषयी थोडेच सांगावयाचे आहे. रशी व रस्सा ह्यांसाठी भांड्याची उंची व्यासाच्या जवळपास असावी. तोंड आटोपशीर असले, की वाफ कमी जाते. पाच-सहा माणसांच्या घरास ७ ते ९ लि. भांडे पुरते, कारण उतू जाऊ नये म्हणून ते दोन-तृतीयांशच भरावयाचे असते. कान झाळलेले असण्यापेक्षा खिळ्यांनी पक्के केलेले असावेत आणि भरलेले भांडे दोन्ही हातांनी फडक्यासह धरता येईल एवढी त्यांत जागा असावी. मीठ थंड पाण्यात टाकून ते तसेच बुडाशी राहू दिल्यास स्टीलच्या बुडास बारीक खळगे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ टाकून ढवळल्यास हे टळते. जड पाण्यामुळे बुडात उमटणारे पांढरे डाग क्षारांचे असतात, ते लिंबाच्या रसाने जातात व त्यांपासून अपाय नाही.

सोनगीरला तांब्या-पितळेचे काम अद्याप चालते. पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याचे भांडे वापरण्याची आवड अलीकडे पुन्हा वाढल्याने त्यास थोडा आधार मिळाला आहे. पाण्याच्या भांड्यास कल्हई लागत नाही, ही गोष्ट येथे उपकारक ठरली. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या भांडी घडविण्याच्या कलेस यूनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

जुन्या पितळी भांड्यांच्या काठावर छिन्नीने कोरलेली नावे आढळतात. मालकाचे नाव, गाव, क्वचित शक व लग्नात कोणी दिले त्याचा उल्लेख असा हा मजकूर असतो. पंगतीसाठी शेजाऱ्यांकडे गेलेली भांडी परत ओळखता यावीत, हा त्यामागील साधा हेतू. स्टीलच्या भांड्यांवर हीच नावे विजेच्या लेखणीने टिंबाटिंबांनी घातली जातात. कौटुंबिक व स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला दोहोंचाही उपयोग आहे. मात्र पितळेच्या भांड्याला अद्याप मोडीत चांगला भाव येत असल्याने वाडे पडताना व घरे विभक्त होताना ती प्रथम मोडीत जातात, आणि भट्टीत पडण्यापूर्वी त्यांवरील मजकूर उतरून घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.